ट्रंकेच्या झाकणातली तिकिटं

विदुलाबरोबर प्रवासाला जायचं नाही असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी जाते. कारण सरळ आहे. मी गेले नाही तर ती एकटी जाईल, आणि एकटी गेली तर जे सापडेल ते सगळं तिचं. म्हणून दिवाळीनंतरच्या एका सकाळी पनवेलला माझ्या सोसायटीच्या दारात तिची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा मी पिशवी घेऊन तयार होते आणि मनातून आधीच चिडलेली होते.

आमचा छंद काय, ते आधी सांगते. आम्ही जुना छापील माल जमवतो. चित्रकलेची जुनी पुस्तकं, कॅलेंडरं, साबणाची वेष्टनं, काडेपेट्यांवरची चित्रं, आणि माझा खास जीव म्हणजे कापडाच्या ताग्यावरची तिकिटं. पूर्वी गिरणीतून तागा बाहेर पडला की त्यावर पंज्याएवढं रंगीत तिकीट चिकटवत. सोनेरी काठ, उठावाची फुलं, मध्ये हत्ती नाहीतर मोर नाहीतर देवी. ज्यांना वाचता येत नसे ती गिऱ्हाइकं चित्रावरून कापड मागायची. घरी नेल्यावर कापडाचे कपडे शिवले जायचे आणि तिकीट फेकून दिलं जायचं. जी फेकली गेली नाहीत, त्यांच्या मागे आम्ही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. विदुला माझ्याबरोबर कलाशिक्षकाच्या कोर्सला होती, पुढे लग्न होऊन मुंबईला गेली. काही वर्षांपूर्वी ती सहज म्हणून माझ्याकडे आली, माझे अल्बम पाहिले आणि म्हणाली, किती गोड आहे गं हे. तिकीट वाफेवर कसं सोडवायचं, दोन काचांमध्ये कसं दाबायचं, कसर लागू नये म्हणून काय करायचं, सगळं मी शिकवलं. आज तिच्या संग्रहाचं प्रदर्शन भरतं. वर्तमानपत्रात तिचा अर्ध्या पानाचा फोटो येतो. त्या लेखात लिहिलं होतं, ‘एका मैत्रिणीमुळे हा छंद लागला.’ ती एक मैत्रीण म्हणजे मी. नाव छापायला शाई कमी पडली असेल.

भांडणं टाळण्यासाठी आमचा एक नियम आहे, ‘पहिला हात’. वस्तूला जिचा हात आधी लागेल तिचा हक्क पहिला. दुसरीने मध्ये तोंड घालायचं नाही. नियम मीच केला होता, कारण माझी नजर तिच्यापेक्षा तेज आहे. तरीही दर वेळी हात तिचाच आधी कसा लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

पहिला मुक्काम उरण. मुक्काम म्हणजे एका भंगारवाल्याचं गोदाम. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग इतकी लांब होती की आमची छोटी गाडी दोन कंटेनरांच्या मधे सँडविचमधल्या काकडीसारखी अडकली. विदुला खिडकी खाली करून शेजारच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत बसली. मी घड्याळ पाहत बसले.

गोदामाचे मालक म्हात्रेशेठ. पांढरा लेंगा, गळ्यात जाड साखळी, गुडघ्याला पट्टा. “बापाची मिठागरा व्हती, आता पोरांचे ट्रेलर हायेत,” अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. जुन्या पुस्तकांचा ढीग मागच्या अंगाला होता. मी पदर खोचून त्यात शिरले. तासाभराने मला एक जाडजूड चित्रकलेचा ग्रंथ मिळाला, कापडी बांधणीचा, प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद. माझं काळीज लक्कन हललं. उघडला तर झिरझिरीत कागद सगळे जागच्या जागी, आणि त्यांच्याखालची चित्रं कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली. कशात काय अन् फाटक्यात पाय.

विदुला तोवर ढिगाकडे फिरकलीही नव्हती. ती म्हात्रेशेठच्या गुडघ्याची चौकशी करत होती. कोणता डॉक्टर, कोणतं तेल, जिना चढताना दुखतं की उतरताना. शेठनी चहा मागवला. मग स्वतःहून उठून लंगडत आत गेले आणि एक वही घेऊन आले. वही कसली, खजिना होता. त्यांचा चुलता पूर्वी ट्रकवर चित्रं काढायचा, त्याचं नमुन्यांचं पुस्तक. परदेशी छापाची वळणदार अक्षरं, वेलबुट्ट्या, गरुड, कमळं, पानापानावर रंगाच्या बोटांचे डाग. शेठनी ती विदुलाच्या हातात दिली. पहिला हात.

मी धुळीने माखलेली, नाकात जळमटं, आणि ती चहाचा कप बाजूला ठेवून पानं उलटतेय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, छान आहे.

खोपट्याच्या पुलावरून पेणला आलो. पुलाखाली खाडीला ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते आणि पलीकडे मिठागरांचे चौकोन उन्हात चमकत होते. विदुला म्हणाली, काय सुंदर आहे. मी म्हटलं, हो. मला त्या चौकोनांत नमुन्यांच्या पुस्तकाची पानं दिसत होती. वडखळला उसाचा रस, अलिबागला पेट्रोल, मग रेवदंड्याचा पूल ओलांडून दुपार कलताना काशीदला पोहोचलो.

काशीदला एक गंमत झाली. विदुलाने हौसेने गाडी सुरूच्या झाडांखाली नेली आणि मागचं चाक वाळूत रुतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, चला, हिचंही काही बिघडतं. पण पर्यटकांना घोड्यावर फिरवणारे दोघं आले, त्यांनी चाकाखाली झावळ्या घातल्या, ढकललं, गाडी सुटली. विदुला पूर्ण वेळ हसत होती. त्या दोघांनी पैसे घेतले नाहीत, उलट जेवायला कुठे जा ते सांगितलं.

ती खाणावळ सुलभाताईंची. चूल, मागे नारळाची वाडी, पुढे चार टेबलं. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, आणि जिताड्याचं (खाडीतल्या एका चविष्ट माशाचं) कालवण. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले होते आणि विदुला पाठ करून. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, कालवण मागून घेतलं, सुलभाताईंच्या फळीवरचे डबे अर्धा तास पाहिले. हात धुवायला विदुला आत गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला, “सुलभाताई, या डब्यांखाली काय घातलंय हो?”

डब्यांखाली कागद घातला होता. कोकणात फळीवर कागद घालतात, तो मळला की त्याच्यावरच नवा घालतात. सुलभाताईंच्या फळीवर त्यांच्या सासूपासूनचे थर होते. सगळ्यात खाली जुन्या कॅलेंडरांची पानं, आणि एकेका पानावर असा निळा, असा केशरी, की आजच्या छपाईच्या बापाला जमणार नाही. विदुलाने संध्याकाळभर बसून खाकी कागदाला कात्रीने नक्षीदार झालर कापली, जुनी पानं सोडवून घेतली, सगळ्या फळ्या धुतल्या, नवा कागद घातला. सुलभाताई खूश, विदुला खूश. मी डबे पुसायला मदत केली. माझ्या डोळ्यांसमोर अर्धा तास होतं ते सगळं, आणि मी कालवण ओरपत बसले होते. त्या संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त चांगला झाला असं ऐकते.

दुसऱ्या दिवशी मुरूडवरून आगरदांड्याला जायचं होतं. तिथून फेरीबोटीत गाडी चढवून खाडीपलीकडे दिघी, आणि पुढे श्रीवर्धन. बोट चुकायची नाही म्हणून मी घाई करत होते. विदुलाला मुरूडच्या बाजारात शहाळं प्यायचं होतं. शहाळेवाल्याला मुलगी झाली होती, तिचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीची फळी वर उचलली जात होती. पुढची बोट दुपारी. मी गाडीतून उतरले आणि तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवून एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर जाऊन बसले.

तिला माझा राग कळतो की नाही, देव जाणे. ती शेजारी येऊन बसली आणि पर्समधून तिचं पाकीट काढलं. आम्ही दोघीही असं पाकीट जवळ बाळगतो. अदलाबदलीसाठी जास्तीची तिकिटं त्यात असतात. पण विदुला वेडी आहे, ती तिचं सगळ्यात आवडतं तिकीटही त्यातच घेऊन हिंडते, लोकांना दाखवायला. शिडाचं गलबत. हिरवा समुद्र, पांढरी तीन शिडं, काठाला सोन्याची दोरी, एक सुरकुती नाही. मी त्या तिकिटासाठी तिला काय काय देऊ केलं होतं. ती दर वेळी म्हणायची, नको गं, मला ते बघायला आवडतं. तेच आता तिने उन्हात धरून बघायला काढलं. मी खाडीकडे तोंड फिरवलं.

“काय सुरेख हाय,” मागून कोणीतरी म्हणालं. काळा बुरखा, चेहरा उघडा, दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या, बाकीच्या पायाशी. शबाना तिचं नाव. खाडीपलीकडच्या बोर्ली पंचतनची. नवरा कुवेतला, मुलीचं, नाझियाचं, लग्न आठवड्यावर आलेलं, आणि ती मुरूडला शिंप्याकडून कपडे घेऊन परत निघाली होती. विदुलाने अर्थातच सगळ्या पिशव्या उघडायला लावल्या. कापड पाहिलं, जर पाहिली, मग हातातलं गलबत दाखवून ताग्यावरचं तिकीट म्हणजे काय ते सांगितलं. शबाना ऐकत होती. मग म्हणाली, “अशी तिकटां तर आमच्या सासूच्या ट्रंकेला हायेत. झाकनाला आतून. पूर्ण भरलेली.”

मी दोरखंडावरून उठले. तिच्याशी बोलायचं नाही हे विसरून मी विदुलाला म्हटलं, आपण ह्यांना गाडीने घरी सोडू या. शबानाला आश्चर्य वाटलं, कारण तोवर मी तोंड उघडलं नव्हतं.

बोटीत उजव्या हाताला लांब जंजिरा दिसत होता. लोक कठड्याशी जाऊन फोटो काढत होते. मी एकच गोष्ट मनात घोकत होते. ह्या वेळी पहिला हात माझा. विदुलाने उरण घेतलं, काशीद घेतलं, बोर्ली माझी. एक तरी वस्तू अशी हवी जी माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. एवढंच मागत होते मी. प्रदर्शन नको, वर्तमानपत्र नको.

दिघीहून बोर्लीचा रस्ता झाडीतून जातो. पोफळीच्या बागा, मधेच काजूची टेकडी, मधेच गुलाबी रंगाचं दुमजली घर. बोर्लीचा बाजार मोठा आहे, आजूबाजूच्या वाड्या-गावांतले लोक इथेच येतात. मोबाइलच्या दुकानाशेजारी सुक्या मासळीचं, त्याच्याशेजारी अत्तराचं. शबानाचं घर बाजारामागे. पुढचा भाग आखाती पैशाचा, चकचकीत फरशीचा. मागची पडवी मात्र जुनी, मातीची कौलं, आणि तिथे एका बाजेवर शबानाची सासू बसली होती. घरातले सगळे तिला दादी म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो.

आधी खाणं झालं. सांदणं (तांदळाच्या रव्याचे नारळाच्या दुधातले वाफवलेले गोल), आणि चहा. विदुलाने पाच खाल्ली आणि कृती विचारली. माझं पहिलंच अजून बशीत होतं. ट्रंक बाजेच्या मागे भिंतीला होती, हिरव्या रंगाची, पत्र्याची, वर गोधडी घातलेली. मी तिच्याकडे आणि विदुलाकडे आळीपाळीने बघत होते.

शेवटी दादीने गोधडी काढली आणि झाकण वर केलं. मी पुस्तकांत पाहिलेलं, लोकांच्या संग्रहात पाहिलेलं, कशात काही तसं नव्हतं. झाकणाची आतली बाजू काठापासून काठापर्यंत तिकिटांनी भरली होती. मोगरा, गुलाबाची परडी, चांदतारा, घड्याळाचा मनोरा, द्राक्षं, कारंजं. माणसाचं चित्र एक नाही, देवाचं नाही. दादीने सांगितलं तसं. ह्या घरात लग्नाचं कापड आलं की ताग्यावरचं तिकीट सोडवून नवरीच्या ट्रंकेच्या झाकणाला लावायचं. ट्रंक आईकडून मुलीकडे नाहीतर सासूकडून सुनेकडे जाते, तिकिटं वाढत जातात. देवादिकांची तिकिटं आली तर ती शेजारच्या हिंदू घरांत देऊन टाकायची, तिथल्या बायका देव्हाऱ्यात लावत. आणि तिकिटं नेहमी जोडीनं लावायची. एक माहेरच्या ताग्याचं, एक सासरच्या. खरंच, सगळी दोन दोन होती.

हे सगळं मी अर्ध्या कानाने ऐकत होते. माझं लक्ष कडेच्या एका तिकिटाच्या कोपऱ्यावर होतं. तो किंचित सुटला होता. आमच्यात एक सवय असते. चिकटवलेलं तिकीट निघेल की नाही हे बघायचं तर बोट जिभेला लावायचं आणि ते कोपऱ्यावर दाबायचं. डिंक जुना असेल तर ओलाव्याने लगेच फुगतो. जगातला प्रत्येक संग्राहक हे करतो, आणि विदुलालाही मीच शिकवलं होतं. मी पुढे झाले, बोट जिभेला लावलं आणि कोपऱ्यावर ठेवलं. पहिला हात. माझा.

शबानाने तोंडावर हात ठेवला होता. मी चित्राकडे पाहिलंच नव्हतं, नुसता कागद आणि डिंक पाहिला होता. आता पाहिलं. काळ्या कापडी गिलाफातला मक्केचा काबा होता, वर सोनेरी चंद्रकोर.

“बाय,” दादी म्हणाली, “थुका लावतंस त्याला?”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओढणीच्या टोकाने तिने तो कोपरा टिपला, दोनदा, तीनदा, पुटपुटत, आणि झाकण बंद केलं. गोधडी पुन्हा वर गेली. मी माफी मागितली. कानापर्यंत तापले होते. खाली बसावं की बाहेर जावं तेही सुचेना.

विदुला हळूच म्हणाली, “दादी, हिला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. पण कबूल करत नाही.” मला चष्म्याशिवाय उत्तम दिसतं, दूरचंही आणि जवळचंही. तिने मला वाचवायला थाप मारली होती आणि मला तिचा गळा धरावासा वाटत होता. माझ्या बाजूने खोटंही हिनेच बोलायचं का? दादीने माझ्याकडे बघितलं, म्हातारं माणूस आंधळ्याकडे बघतं तसं, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. मी मोरीवर जाऊन हात धुऊन आले. परत आले तर झाकण पुन्हा उघडलेलं होतं, विदुलासाठी. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती.

दादी तिला झाकणाचा खालचा कोपरा दाखवत होती. तिथे जोडीपुरती जागा रिकामी होती, नाझियासाठी. शबानाने सांगितलं की आता ताग्यावर तिकीट येतच नाही, नुसता काळ्या रेघांचा स्टिकर येतो. तिने एक आणूनही दाखवला होता. दादीने तो लावू दिला नाही. लग्न आठवड्यावर, ट्रंक नाझियाबरोबर जाणार, आणि जागा तशीच. गेल्या महिन्याभरात त्यांनी म्हसळ्याला, श्रीवर्धनला, मुरूडला जुन्या कापडवाल्यांकडे विचारलं होतं. कोणाकडे काही नव्हतं. माझ्या सासूने माझं लावलं, मी शबानाचं लावलं, आता माझ्या हयातीत पोरीची जागा कोरी जाणार, असं दादी म्हणत राहिली.

विदुलाने पर्स उघडली आणि गलबत बाहेर काढलं.

मला आधी वाटलं, दाखवतेय. मग तिने शबानाला विचारलं, घरात मैदा आहे का, खळ करता येईल का. मी तिचा दंड धरून तिला पडवीच्या टोकाला नेलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, तुझं डोकं फिरलंय का? खळीने चिकटवलेलं तिकीट मेलं. कागद पिवळा पडणार, झुरळं खाणार, परत कधी निघणार नाही. दुसरं मिळायचं नाही हे तुला ठाऊक आहे.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण बघ ना, तिथे काय शोभेल.”

शबाना वाटीत खळ घेऊन आली. नाझियाला बोलावलं. हातांवर मेंदी अजून चढायची होती, साधी घरातल्या कपड्यांतली लाजरी मुलगी. दादीने गलबत हातात घेतलं, खिडकीशी नेलं, खूप वेळ बघितलं. तिचा नवरा जहाजावर होता, हे तेव्हा कळलं. मग ती माझ्याकडे वळली. मघाचा राग तिच्या चेहऱ्यावर उरला नव्हता.

“एक झाला. जोडीला दुसरा लागतो. तुझ्याकडे हाय काय, बाय?”

माझी पिशवी माझ्या खांद्यावर होती. पिशवीत माझं पाकीट होतं. पाकिटात डाळिंबाची तिकिटं होती, फुटलेलं डाळिंब, लाल दाणे, हिरवी पानं, सोनेरी काठ. गलबताच्या शेजारी मापाला मापही बसलं असतं. माझा हात पिशवीत गेला. पाकिटाची चेन बोटांना लागली. आणि मनात आलं, हिने आधी दिलं. आता मी दिलं तर मी तिच्या मागून दिलं. इथेही दुसरी.

“नाही हो, दादी,” मी म्हटलं. “मी काही आणलं नाही बरोबर.”

विदुलाने माझ्याकडे पाहिलं. पाकिटात काय आहे ते तिला माहीत होतं, ती डाळिंबं मी तिच्यादेखत घेतली होती. तिने नजर काढून घेतली आणि खळीच्या वाटीत बोट बुडवलं. दादीने बिस्मिल्ला म्हटलं, नाझियाने गलबत जागेवर ठेवलं आणि तळव्याने दाबलं. शेजारी तेवढीच जागा कोरी राहिली. दादी म्हणाली, असू दे, अल्ला बघेल.

निघताना दादीने विदुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याही फिरवला, आणि सांगितलं, चष्मा लावीत जा.

श्रीवर्धन राहूनच गेलं. परतीच्या बोटीत विदुला कठड्याशी उभी राहून गुणगुणत होती. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. ती शबानाने दिलेली सांदणं खात होती, मलाही देत होती. काशीद गेलं, रेवदंडा गेलं, अलिबागला चहा झाला. वडखळच्या अलीकडे माझाच धीर सुटला. मी म्हटलं, द्यायचंच असतं तर मी घरून चांगलंसं शोधून पाठवलं असतं.

“पाठव की,” ती म्हणाली, आणि पुढे ट्रक होता म्हणून हॉर्न वाजवला. त्यापलीकडे एक शब्द नाही. टोमणा नाही, नाराजी नाही. मनातून काढूनच टाकलं होतं तिने. ती चार शब्द बोलली असती तर मी दहा बोलले असते, भांडण झालं असतं, आणि मी मोकळी झाले असते. पनवेल येईपर्यंत मी नुसती खदखदत बसले.

घरी येऊन आठवडा झाला. पाठवायचं मनात रोज आलं. एकदा पाकीट उघडून लिफाफाही शोधला, मग म्हटलं उद्या बघू. काल विदुलाने मोबाइलवर एक फोटो पाठवला, शबानाकडून आलेला. लग्नघर, माणसं, मधे उघडी ट्रंक, आणि तिच्याशेजारी लाल ओढणीतली नाझिया. खाली विदुलाने काही लिहिलेलं नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. गलबत छान बसलंय. त्याच्या शेजारची जागा कोरी आहे. नाझिया ट्रंक घेऊन सासरी गेली.

आज सकाळी मी माझी डाळिंबं टेबलावर काढली. दोन आहेत. एकसारखी, एकाच छापाची. एक दिलं असतं तरी एक माझ्याकडे राहिलंच असतं. विदुलाकडे गलबत एकच होतं. आता तिच्याकडे एकही नाही आणि माझ्याकडे दोन आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या पुढे आहे, आणि तिचाच मत्सर करत बसले आहे.